आपल्या भागाबद्दल लिहायचं म्हणजे नक्की काय लिहायचं? कुपवाडच्या एका नव्या एजंटला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी सांगलीशेजारच्या कुपवाडचा, प्रॉपर्टीच्या लाइनीत नवीन आहे, महारेराची (बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) परीक्षा देऊन नंबर घेतलाय, ऑफिस सांगलीत विश्रामबागला टाकलंय. सगळे म्हणतात नुसते फ्लॅटचे फोटो टाकत बसू नको, आपल्या भागाबद्दल आणि इथल्या घरांच्या मार्केटबद्दल लिहीत जा, त्यातनं लोक जोडले जातात. पण लिहू काय? पुराचं लिहिलं तर धंदा बसेल आणि नाही लिहिलं तर लोक खोटारडा म्हणतील. रेट लिहावेत का? आणि यातनं खरंच व्यवहार होतात का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो. होतात. पण लिहिलं की लगेच फोन वाजतो असं होत नाही, आणि फोन करणारा माणूस बहुतेक वेळा सांगलीत राहणारा नसतो. सांगलीतला माणूस घर घेताना आधी मेहुण्याला विचारतो, मग चहाच्या टपरीवर विचारतो, मग बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारतो, त्याला तुमचं लिखाण वाचायची फार गरज पडत नाही. गरज कुणाला पडते? खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला, जो पंचवीस वर्षं कोइमतूर नाहीतर कानपूरला सोन्या-चांदीचं काम करतोय आणि आता पोरांच्या शिक्षणासाठी सांगलीत घर बघतोय. पुण्यात आयटीत असलेली पोरगी, जिचे आई-वडील तासगावच्या मळ्यातनं आता शहरात यायचं म्हणतायत कारण वडिलांना दर महिन्याला मिरजेला डॉक्टरकडं न्यावं लागतंय. मिरजेच्या हॉस्पिटलात नोकरीला आलेला डॉक्टर, बदलीवर आलेला बँकेचा साहेब. या लोकांनी फोटो ढिगानं बघितलेले असतात, सगळ्या फोटोत तीच व्हिट्रिफाइड फरशी आणि तेच मॉड्युलर किचन. त्यांना जे कळत नाही ते असं असतंय, या गल्लीत पाणी येतं का, ड्रेनेज जोडलंय का शोषखड्डा आहे, कागद कसले आहेत, रेट खरा किती. हे ज्याच्या लिखाणात सापडतं त्याला फोन जातो, आणि तो फोन "रेट कमी करा" इथनं सुरू होत नाही, "तुम्ही लिहिलं होतं ते वाचलं" इथनं सुरू होतो. दोन्ही फोनमधला फरक तुम्हाला पहिल्याच वेळी कळेल.

म्हणून "सांगली हे कृष्णाकाठी वसलेलं ऐतिहासिक शहर असून नाट्यपंढरी म्हणून ओळखलं जातं" असलं काही लिहू नका. विष्णुदास भावे आणि 1843 चं सीता स्वयंवर आमच्या शाळेतल्या भिंतीवर होतं, सगळ्यांना माहितीये, आणि ते वाचून कुणी टू बीएचके घेत नाही. गल्ली लिहा. शहर फार मोठं आहे, एका माणसाला ते लिहिता येत नाही, पण चार-पाच कॉलन्या अशा असतात की तिथला ट्रान्सफॉर्मर कुठं आहे आणि कुठल्या कोपऱ्यावर दर पावसाळ्यात खड्डा पडतो ते तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, तेवढंच लिहा.

आता पूर. माझं मत एकदम स्पष्ट आहे, सांगलीत घरांबद्दल लिहायचं असेल तर सुरुवात पुरापासनंच करायची. 2005, 2019, 2021 हे तीन आकडे इथल्या प्रत्येक घरात पाठ आहेत. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट आहे, म्हणजे किती वर गेलं बघा. ऑगस्टमध्ये पाऊस लागला की दूधवाल्यापासनं डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" अशा गावात एजंट घरांबद्दल लिहितो आणि त्यात पुराचा शब्द नाही, म्हणजे वाचणारा समजून जातो की हा काहीतरी दडवतोय. आणि एकदा ते वाटलं की तुम्ही कार्पेट एरियाबद्दल (घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ) खरं लिहिलं तरी ते खरं वाटत नाही.

पण लिहायचं कसं यात खरी मेहनत आहे. "हा भाग पूरग्रस्त आहे" असं सरसकट लिहिणं हा पण अन्यायच आहे, कारण एकाच कॉलनीत पहिल्या गल्लीत छातीभर पाणी आणि चौथ्या गल्लीत रस्ता पण भिजला नाही असं झालेलं आहे. सांगलीवाडी, गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड ही नावं पुराच्या बातम्यांत दरवेळी येतात, पण त्या प्रत्येक नावाखाली उंच-सखल पुष्कळ आहे. तुम्ही एक काम करा, वही घ्या आणि त्या गल्लीत जा, जुन्या राहणाऱ्यांना विचारा. लोक अगदी हौसेनं दाखवतात, पुष्कळ घरांत जिन्याच्या भिंतीवर नाहीतर गेटच्या खांबावर 2019 ची खूण अजून आहे, काहींनी तर ऑइलपेंटनं रेघ मारून तारीख टाकलीये. ती खूण रस्त्यापासनं किती फूट आहे ते टेपनं मोजा. मग विचारा, पाणी गल्लीच्या तोंडाला आलं तेव्हा आयर्विनला किती होतं? लोकांना हे आठवतं, कारण तेव्हा सगळे मोबाइलवर तेच बघत बसले होते. आता तुमच्याकडं लिहायला असं काहीतरी तयार झालं: "या गल्लीच्या तोंडाला पाणी येतं तेव्हा आयर्विनला साधारण अमुक फूट असतं, 2019 ला रस्त्यावर इतकं फूट होतं, 2021 ला इतकं, पार्किंगमध्ये शिरलं, पहिल्या मजल्याला लागलं नाही, इतके दिवस लाइट बंद होती, बाहेर पडायला अमुक बाजूचा रस्ता शेवटपर्यंत चालू राहिला." दोन-तीन घरी विचारून जुळवून घ्या, एकाच्या आठवणीवर जाऊ नका. या एका परिच्छेदाची किंमत पन्नास फोटोंपेक्षा जास्त आहे, आणि तो लिहिणारा दुसरा कोण नाही.

अजून एक गोष्ट लोक गोंधळतात ती म्हणजे नदीचं पाणी आणि पावसाचं पाणी. विश्रामबाग नदीपासनं लांब आणि उंचावर म्हणून सगळे तिकडं धावतात, पण पावसाचं पाणी तुंबणं हा वेगळा विषय आहे, त्याला नदी लागत नाही. शामरावनगरकडं कुणालाही विचारा, काळी माती, सखल जमीन, निचरा नाही, जोराचा पाऊस झाला की प्लॉटमध्ये पाणी उभं. त्यामुळं लिहिताना दोन्ही वेगळं लिहा, "पूर येत नाही" म्हणजे "पाणी साचत नाही" असं होत नाही. काळ्या मातीवर तर स्वतंत्र लिहिण्यासारखं आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, पाया नीट घेतला नसेल तर भिंतीला तिरक्या चिरा जातात. बंगलो घेणाऱ्याला हे आधी सांगितलं तर तो पाया किती खोल घेतलाय, पायाखालचं साधं काँक्रीट (पीसीसी) कसं केलंय ते विचारतो, आणि मालकाकडं बांधकामाच्या वेळचे फोटो असतील तर ते मागतो.

पूररेषेचं पण सोप्या भाषेत लिहा, याच्यावर फार कमी लोकांनी नीट लिहिलंय. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा पाटबंधारे खातं ठरवतं. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवीन बांधकामाला बंदी, निळी ते लाल यात अटी घालून परवानगी, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. ग्राहकाला एवढं कळलं की तो महापालिकेत जाऊन आपल्या सर्व्हे नंबरचं विचारू शकतो. तुम्ही स्वतः मात्र "हा प्लॉट रेषेच्या बाहेर आहे" असं कागद हातात असल्याशिवाय लिहू नका.

धंदा बसेल का म्हणून विचारलंय. माझ्याकडं गावभागाच्या बाजूचा एक फ्लॅट विकायला होता, पहिला मजला, पार्किंगमध्ये 2019 ला पाणी आलेलं. मालक म्हणाले पुराचं काही बोलू नका. मी म्हटलं काका, बोललो नाही तर इसार झाल्यावर शेजारचा बोलेल, मग पार्टी इसार परत मागेल आणि तुमचा फ्लॅट "मोडलेल्या व्यवहाराचा" म्हणून बदनाम होईल. ते तयार झाले. मी सगळं लिहिलं, पाणी कुठवर आलं, मीटर बोर्ड आता कुठं वर घेतलाय, गाड्या त्या दिवसांत कुठं लावतात, सगळं. बघायला आले ते एक गलाईवाले कुटुंब, वहिनी गेटमधनं आत आल्या आल्या फ्लॅट न बघता आधी जिन्याजवळची खूण बघायला गेल्या, हात लावून बघितलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही लिवलंय तेवढंच हाय की." मग वर गेल्या. भाव त्यांनी केलाच, पुराचा मुद्दा धरूनच केला, आणि तो रास्तच होता. पण इसारापासनं खरेदीखतापर्यंत त्या व्यवहारात एकदा पण ताण आला नाही. आपल्या धंद्यात कमिशन इसाराला मिळत नाही, खरेदीखताला मिळतं, हे लक्षात ठेवा म्हणजे पुराचं लिहायचं का नाही याचं उत्तर आपोआप मिळतं.

बिल्डर आणि मालक नाराज होतात का? होतात काही. त्यांची मिळकत तुमच्याकडं आलीच नाही तर फार वाईट वाटून घेऊ नका. फक्त एक पथ्य पाळा, कुणाच्या बिल्डिंगचं नाव घेऊन वाईट लिहू नका. गल्लीचं, भागाचं लिहा, आणि जी मिळकत तुम्ही स्वतः विकताय तिचं मालकाला सांगून पूर्ण लिहा.

आता रेट. रेट लिहायलाच पाहिजेत, पण मागणीचे रेट लिहून काही उपयोग नाही. मालक 70 लाख म्हणतो, बाजूचा 75 म्हणतो, तुम्ही लिहिता "या भागात रेट 70 ते 75", तिसरा मालक ते वाचून 80 म्हणतो. आपणच आपल्या हातानं मार्केट फुगवतो आणि मग वर्षभर फ्लॅट पडून राहिला की म्हणतो गिऱ्हाईक नाही. खरा आकडा सूची 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात आहे. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत नंबर टाकला की झालेले दस्त दिसतात, त्यात मोबदला वेगळा, सरकारी बाजारभाव वेगळा, क्षेत्रफळ, तारीख, मुद्रांक शुल्क सगळं असतं. तुमच्या चार-पाच कॉलन्यांचे सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकदा लिहून काढा आणि दर तीन महिन्यांनी बसून दस्त बघा, फार वेळ जात नाही.

आता तुम्ही म्हणाल दस्तातला आकडा आणि खरा आकडा यात फरक असतो. असतो, विशेषतः प्लॉटमध्ये, हे सगळ्यांना माहितीये. म्हणून मी काय करतो, कर्ज काढून झालेले फ्लॅटचे व्यवहार जास्त धरतो, कारण बँकेला दस्तावर रक्कम दाखवावी लागते त्यामुळं तिथला आकडा वास्तवाच्या जवळ असतो. प्लॉटच्या दस्तात मोबदला आणि सरकारी बाजारभाव अगदी तंतोतंत एक असेल तर तो आकडा रेडी रेकनरचा (सरकारनं मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेल्या दराचा) आहे, मार्केटचा नाही, असं समजून बाजूला ठेवतो. आणि लिहिताना एक आकडा कधीच लिहायचा नाही, पट्टा लिहायचा, कार्पेटवर लिहायचा, इमारत किती जुनी, लिफ्ट आहे का, मजला कुठला ते सांगायचं, आणि वर तारीख टाकायची. तारीख नसलेला रेट दोन वर्षांनी कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तुमच्याच तोंडावर आणतो. आणि एक, सूची 2 मध्ये घेणार-देणाराची नावं असतात, ती कधीही बाहेर लिहायची नाहीत. कागद सरकारी असला तरी शेजाऱ्यानं घर कितीला घेतलं हे गावाला सांगणं आपलं काम नाही.

मार्केट वर गेलं, खाली आलं असं लिहिताना पण कारण बघून लिहा. 2020 च्या सप्टेंबरपासनं डिसेंबरपर्यंत सरकारनं मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं, तेव्हा दुय्यम निबंधक ऑफिसला रांगा लागल्या, आणि पुष्कळ जणांनी तेव्हा "मार्केटमध्ये तेजी" म्हणून लिहून टाकलं. त्यातले किती व्यवहार आधीच ठरलेले होते आणि नुसते सवलतीत बसवायला उरकले, ते कुणी बघितलं नाही. तसंच 1 एप्रिलचं. रेडी रेकनर वाढला की दुसऱ्या दिवशी मालकांचे फोन येतात, "दर वाढलेत, आता आपला पण वाढवा." 2023 आणि 2024 ला दर तसेच ठेवले होते, 2025 ला वाढवले, पण रेकनर वाढला म्हणून घेणाऱ्याच्या खिशात पैसे वाढत नाहीत, त्याचा फक्त दस्ताचा खर्च वाढतो. हे दरवर्षी मार्चच्या शेवटी लिहायचं, दरवर्षी लोक नव्यानं वाचतात. सोबत खर्चाचा हिशोब पण द्या, नोंदणी फी एक टक्का पण 30 हजाराच्या वर नाही, घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, ती 2021 पासनं आहे आणि अजून कितीतरी जणांना दस्ताच्या दिवशी कळते. पन्नास लाखाच्या घराला एक टक्का म्हणजे 50 हजार रुपये, एवढ्यात घरातल्या सगळ्या खोल्यांचे पंखे आणि गीझर येतात.

गुंठेवारी हा विषय तर तुमच्याच दारात आहे. सांगली-मिरज-कुपवाडात गुंठेवारीच्या कॉलन्या किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले, सातबारावर पंधरा नावं, रस्ता म्हणून सोडलेली पट्टी कागदावर कुणाची ते कुणालाच माहीत नाही. 2001 ला कायदा आला, 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित व्हायची वाट मिळाली. पण घेणाऱ्याला हे कायद्याच्या भाषेत नको असतंय. त्याला विचारायचं असतं की घर चांगलं आहे, रेट कमी आहे, मग अडचण काय? ते लिहा. नियमितीकरणाचा दाखला आहे का नाही, बांधकाम परवाना आहे का, घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही (हा गैरसमज इतका पक्का आहे की काय सांगू), बँक कर्ज देते का आणि देत असेल तर कुठले कागद मागते. गुंठेवारीत राहणारे लोक आपलेच आहेत, कष्टानं घर बांधलंय त्यांनी, त्यांना हिणवल्यासारखं लिहू नका. उलट ज्यांचा दाखला राहिलाय त्यांना तो कसा काढायचा ते लिहा, कागद कुठले, कुठल्या टेबलावर. यातनं कमिशन काही मिळत नाही पण त्या कॉलनीतलं पुढचं घर विकायला निघालं की पहिला फोन तुम्हाला येतो.

काय लिहायचं नाही ते पण सांगतो. येणार-येणारवाल्या गोष्टी. कवलापूरला विमानतळ येणार, ड्रायपोर्ट येणार, अमुक महामार्ग इथनं जाणार, म्हणून आत्ताच प्लॉट घ्या. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीच्या नावावर किती पिढ्यांनी प्लॉट विकलेत ते या लाइनीतल्या जुन्या माणसांना विचारा. माणसानं पेन्शनचा पैसा टाकलेला असतो त्यात. पेठ-सांगली रस्त्याचं काम जिथं डोळ्यांनी दिसतंय तिथलं लिहा, फोटो काढा, कुठपर्यंत झालंय, कुठल्या गावाजवळ वळसा आहे ते लिहा, ते खरं आहे. जे कागदावर आहे त्याला "कागदावर आहे" म्हणा आणि ज्याला शेतकऱ्यांचा विरोध चाललाय, शक्तिपीठ महामार्गासारखं, तिथं विरोध आहे हे पण लिहा.

दुसरं, माणसांबद्दल. "इथं सगळी चांगली लोकं राहतात", "अमक्या समाजाची वस्ती आहे", "फक्त शाकाहारी" असली एक ओळ सुद्धा लिहायची नाही. लोक फोनवर विचारतात, आडून विचारतात, "वस्ती कशी आहे?" मी सांगतो पाणी रोज येतं, रस्त्याला लाइट आहे, शाळा इतक्या अंतरावर आहे, आणि थांबतो. मिरजेच्या दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीत सभा भरते आणि तिथं सगळ्या गावचे सगळ्या जातीधर्माचे लोक रात्र-रात्र बसतात, हा आपला भाग आहे. घरं विकणाऱ्यानं त्यात रेघा मारायच्या नाहीत.

तिसरं महारेराचं, तुम्ही परीक्षा दिलीये म्हणून थोडक्यात. 500 चौरस मीटरच्या वर जमीन आणि आठच्या वर युनिट असली की प्रोजेक्टला नोंदणी लागते, प्लॉटिंगला पण. तुम्ही कितीही माहितीपर लिहिलं आणि खाली प्रोजेक्टचं नाव टाकलं की ती जाहिरातच धरली जाऊ शकते, मग तिथं प्रोजेक्टचा महारेरा नंबर, क्यूआर कोड आणि तुमचा स्वतःचा नंबर पाहिजेच. एजंटनं नियम मोडला तर दंड दिवसाला 10 हजार रुपये, आणि तो साठत मिळकतीच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून भागाबद्दलचं लिखाण आणि प्रोजेक्टची जाहिरात या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा, वाचणाऱ्याला पण ते बरं वाटतं.

मग लोकांबद्दल, गावाबद्दल लिहायचंच नाही का? लिहायचं, पण राहणाऱ्याला उपयोगी पडेल असं. मिरजेला अनंत चतुर्दशीला स्वागत कमानी लागतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या काळात कुठले रस्ते बंद आणि हॉस्पिटलला जायचं तर कुठनं जायचं, हे लिहा. आठवडी बाजार कुठं भरतो आणि त्या दिवशी कुठल्या गल्लीत चारचाकी शिरत नाही ते लिहा. सांडपाण्याच्या शेरीनाल्याच्या बाजूला उन्हाळ्यात वास येतो का, कुठवर येतो, ते लिहा. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खोल खड्डे काढून त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवायचे, आणि हळदीला काही व्हायचं नाही, कारण तिथली मातीच तशी. 2005 च्या पुरात त्यातली बरीच खराब झाली. हे मी हरिपूरच्या घरांबद्दल लिहिताना लिहिलं होतं कारण जुन्या पेवांच्या जागेवर किंवा शेजारी घर बांधणाऱ्यानं जमीन तपासून घेणं शहाणपणाचं आहे. ते वाचून एका आजोबांनी फोन करून मला त्यांच्या वाड्यामागं कुठं-कुठं पेवं होती ते सगळं सांगितलं. असली माहिती पैसे देऊन मिळत नाही.

किती वेळा लिहायचं? महिन्यात दोनदा पुरे, पण थांबायचं नाही. पितृपक्षात व्यवहार मंद असतात तेव्हा कागदपत्रांचं लिहा, वारस नोंद, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, लोकांना घरात बसून हेच बोलायचं असतंय तेव्हा. दसरा, पाडवा, अक्षय तृतीयेच्या आधी खर्चाचं लिहा. बेदाण्याचे आणि उसाचे पैसे हातात येतात तेव्हा ग्रामीण भागातली पार्टी बाहेर पडते, त्यांच्यासाठी प्लॉटचं आणि बिगरशेतीचं लिहा. जून लागला की पाण्याचं. आणि पूर आलाच तर त्या आठवड्यात विक्रीचं एक अक्षर लिहायचं नाही, कुठला रस्ता चालू, निवारा कुठल्या शाळेत, पिण्याचा टँकर कुठं, एवढंच, तेही खात्री करून. मराठीतच लिहा, जसं पार्टीशी बोलता तसं. पोरगी पुण्यात वाचते आणि तासगावला वडिलांना पाठवते, ते त्यांना वाचता आलं पाहिजे.

आता तुमचं. ऑफिस विश्रामबागला असलं तरी लिहायला सुरुवात कुपवाडपासनं करा. विश्रामबागबद्दल बोलणारे ढीग आहेत, कुपवाडबद्दल नीट लिहिणारा मला तरी दिसत नाही, आणि तिथं विचारणारे पुष्कळ आहेत. एमआयडीसीतला माणूस शिफ्टला चालत जाता येईल अशी खोली शोधतोय, त्याला भाडं आणि डिपॉझिट किती ते कुठं वाचायला मिळत नाही. थोडे पैसे साठलेला सुपरवायझर दोन गुंठ्यांचं घर बघतोय आणि दाखला म्हणजे काय ते त्याला कळत नाही. ड्रेनेजची लाइन कुठल्या गल्लीपर्यंत आलीये आणि कुठल्या घरांना प्रत्यक्ष जोडलीये, रात्रीच्या शिफ्टच्या ट्रकांचा आवाज कुठल्या रस्त्याला, नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ, हे तुम्हाला घरबसल्या माहितीये. पहिलं लिखाण तुमच्याच गल्लीचं करा, आईला वाचून दाखवा, ती चुका काढेल त्या दुरुस्त करा आणि तारीख, तुमचा महारेरा नंबर आणि मोबाइल नंबर खाली टाकून सोडा. गुंठेवारीच्या दाखल्याचं लिहायला घेतलं की मला एकदा फोन करा, कागदांची जी यादी मी पार्टीला देतो ती तुम्हाला पाठवतो.